परत घेतलं, पण रांगेत कुठं उभं केलं?

(औद्योगिक पट्ट्यातील महिला गटांच्या चाकण येथील शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पत्रिकेवर माझा विषय छापला आहे, 'सैन्यातील स्त्रिया आणि सेवाज्येष्ठता'. मघाशी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं, "ताई, आम्ही लाइनवर वायरिंग जोडणाऱ्या बाया. कर्नल-मेजरच्या गोष्टी ऐकून आम्ही काय करायचं?" विचारणं रास्त आहे. पण देहूरोड, दापोडी, खडकी हा सगळा लष्कराचाच शेजार. आपल्यातल्या कुणाचा नवरा पलटणीतून रिटायर होऊन निघोजे-महाळुंग्याच्या एखाद्या गेटवर सिक्युरिटीला उभा असतो, कुणाचा भाऊ आज हद्दीवर असतो. 'सीनियॉरिटी' हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. दोन फौजी भेटले की भरती कधीची, बढती कधीची, हे विचारून होतंच. हुद्दा सारखा असेल तर वरचढ कोण, हे त्या तारखेवरूनच ठरतं.

आणि सैन्याचा विषय मी मुद्दाम घेतला त्याला दुसरं कारण आहे. कंपनीतही ज्येष्ठता यादी असते, पण तुमच्यापैकी किती जणींनी ती डोळ्यांनी बघितली आहे? हात वर करा बरं. ... दोन. सैन्यात ही रांग काटेकोर लिहिलेली असते. कोण कुणाच्या पुढं, कोण कुणाच्या मागं, हे तिथं उघड असतं. त्यामुळं रांगेत बाईचं काय होतं ते तिथं लख्ख दिसतं. इथं तेच होतं, पण दिसत नाही.

ज्येष्ठता म्हणजे काय, हे मला समाजकार्याच्या एम.ए.च्या वर्गात कुणी नीट समजावलं नव्हतं. ते टँकरच्या रांगेत समजलं. टँकर यायच्या आधी आपण हंडा रांगेत ठेवतो आणि घरी जातो. कुणाला लेकराला पाजायचं असतं, कुणाची भाकरी तव्यावर असते. हंडा तिथं आहे म्हणजे ती बाई तिथं आहे, हा वस्तीचा कायदा. आता परत येऊन बघितलं तर हंडा शेवटी सरकवलेला. आणि वर कुणी म्हणतं, "अगं, तुला रांगेतून काढलंय का? उभी राहा की." रांगेतून काढलं नाही, हे खरंच. पण पाणी संपल्यावर तिचा नंबर लागणार.

नोकरीवर परत येणाऱ्या बाईचं नेमकं हेच होतं. म्हणून कामगार चळवळीनं दोन शब्द वेगळे ठेवले. एक पुनर्स्थापना, दुसरा फेरनेमणूक. पुनर्स्थापना म्हणजे तुम्ही कधी गेलाच नव्हता असं धरून जुन्या जागी परत, सेवेच्या सातत्यासह. फेरनेमणूक म्हणजे दार उघडलं, पण तुम्ही आज नव्यानं आलात. आपल्याच राज्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात, दीपाली गुंडू सुरवसे यांच्या, सर्वोच्च न्यायालयानं १२ ऑगस्ट २०१३ रोजी हा अर्थ फोड करून सांगितला. बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेणं म्हणजे काढलं नसतं तर तो जिथं असता तिथं त्याला ठेवणं, म्हणून सेवासातत्य आणि मागचा पगार हा सर्वसाधारण नियम. शाळा न्यायाधिकरणानं तिला दिलेला मागचा पगार उच्च न्यायालयानं काढून घेतला होता, तो तिला परत मिळाला. सरकारी कचेरीत याच्या शेजारी आणखी एक शब्द चालतो, 'मानीव दिनांक'. म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष त्या दिवशी त्या पदावर नव्हता, पण असायला हवं होतं, म्हणून त्या दिवसापासून होता असं मानायचं. हा शब्द लक्षात ठेवा. कोरडा वाटतो, पण बाईच्या दृष्टीनं सरकारी मराठीतला फार मोलाचा शब्द आहे.

आता कुणी म्हणेल, कामावर नसलेली वर्षं मोजायची कशी? हजेरीच नाही तर ज्येष्ठता कुठून? तर मोजता येतात. पुरुष लढाईवरून परत आले तेव्हा जगानं ती बरोबर मोजली आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेनं १९४० च्या कायद्यात सोय केली, की सैन्यात गेलेला कामगार परत आला की त्याला कारखान्यात त्याची नोकरी आणि ज्येष्ठता परत मिळेल. फिशगोल्ड नावाचा ब्रुकलिनच्या गोदीतला वेल्डर होता. त्याचा खटला १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं सरकत्या जिन्याचं उदाहरण दिलं. माणूस लढाईवर असताना जिना चालूच असतो. परत आल्यावर त्यानं तळाशी पाय ठेवायचा नाही, इतक्या काळात तो ज्या पायरीपर्यंत पोचला असता त्या पायरीवर ठेवायचा. गंमत म्हणजे फिशगोल्ड स्वतः हरला, कारण त्याला इतरांच्या पुढची पायरी हवी होती. पण तत्त्व राहिलं. आता यातली दुसरी बाजू बघा. त्या चार-पाच वर्षांत त्या गोद्या आणि कारखाने चालवले कुणी? बायकांनी. लढाई संपली आणि त्यांतल्या कितीतरी जणींना घरी पाठवलं. त्यांच्यासाठी जिना नव्हता.

आपल्याकडंही १९६२ च्या चीन युद्धानंतर आणीबाणीत कमिशन देऊन घेतलेले अधिकारी पुढं सैन्यातून मोकळे झाले. मुलकी सेवांत त्यांच्यासाठी जागा राखल्या आणि सैन्यातली वर्षं धरून ज्येष्ठता लावण्याचे नियम केले. ते योग्यच होतं. देशासाठी गेलेल्या माणसाचा हंडा मागं सरकवू नये. माझं म्हणणं एवढंच, की मध्येच गेलेली वर्षं मोजण्याची युक्ती सरकारला १९६० च्या दशकापासून येते. बाईच्या बाबतीत ती विसरली जाते.

किती विसरली जाते, त्यासाठी सेलिना जॉन यांचा खटला बघू. १९८२ मध्ये त्यांची लष्करी नर्सिंग सेवेसाठी निवड झाली, दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलात शिक्षण झालं, १९८५ मध्ये लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळालं, नेमणूक सिकंदराबादच्या लष्करी रुग्णालयात. १९८८ मध्ये त्यांनी लग्न केलं, सैन्यातल्याच एका मेजरशी. आणि लग्न केलं म्हणून त्यांना सेवेतून मोकळं केलं. कारण दाखवा नोटीस नाही, बाजू मांडायची संधी नाही. १९७७ ची एक लष्करी सूचना होती, तीत नर्सिंग अधिकाऱ्यानं लग्न करणं हे सेवा संपवण्याचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. लग्न एकच, मांडव एकच. नवरदेव मेजरचा मेजर राहिला, नवरी बेकार झाली.

ही सूचना २९ ऑगस्ट १९९५ रोजी मागं घेतली. पण नियम मागं घेणं वेगळं आणि त्या नियमानं घालवलेल्या बाईला मागं बोलावणं वेगळं. त्या लढत राहिल्या. उच्च न्यायालय झालं, मग लखनौचं सशस्त्र दल न्यायाधिकरण. न्यायाधिकरणानं २०१६ मध्ये त्यांना परत घ्या, मागच्या लाभांसह घ्या, असा आदेश दिला. सरकार वर गेलं. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. असा नियम पुरुषी वर्चस्वाचा आहे, मनमानी आहे, माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारा आहे, हे स्वच्छ शब्दांत मान्य झालं. पण परत घेण्याचा आदेश बदलला. त्याऐवजी सगळ्या दाव्यांपोटी साठ लाख रुपये, आठ आठवड्यांत; उशीर झाला तर बारा टक्के व्याज.

साठ लाख हा आकडा ऐकून मागच्या बाजूला कुजबुज झाली. आपण भागाकार करू. १९८८ ते २०२४ ही छत्तीस वर्षं. साठ लाख भागिले छत्तीस, वर्षाला एक लाख सहासष्ट हजार. महिन्याला तेरा हजार नऊशेच्या आत. मध्ये त्यांनी काही काळ खाजगी नोकरी केली, ते न्यायालयानं लक्षात घेतलं, हे सांगायला हवं. आणि इतक्या वर्षांनी त्यांना परत वॉर्डात उभं करणं शक्य नव्हतं, हेही मला समजतं. पण या साठ लाखांत एक गोष्ट कुठंच नाही. १९८८ ची ती लेफ्टनंट, तिची बॅच पुढं चालत राहिली असताना, २०२४ मध्ये कुठल्या पायरीवर असती? ते कुणी मोजलं नाही.

ब्रिटनमध्ये हे मोजून बघितलं. तिथं १९९० पर्यंत गरोदर राहिलेल्या स्त्री सैनिकांना काढून टाकत. युरोपीय समानतेच्या नियमात हे बसत नाही, हे तिथल्या संरक्षण खात्याला कबूल करावं लागलं आणि हजारो जणींनी भरपाई मागितली. मग हिशेब मांडले गेले. ही बाई बाळंतपणानंतर परत आली असती याची शक्यता किती टक्के? परत आली असती तर बढती मिळण्याची किती टक्के? त्या पटीत पैसे. या टक्केवारीतही अन्याय आहेच. पुरुषाला कुणी विचारत नाही की बाप झाल्यावर तू कामावर येशील याची शक्यता किती. पण हरवलेली बढती हेही नुकसान आहे, ते रुपया-पैशात मांडता येतं, एवढं तरी तिथं मान्य झालं.

आणि लग्नाची अट ही काही फक्त लष्करातली जुनी खोड नव्हे. बॉम्बे लेबर युनियननं एका औषध कंपनीविरुद्ध लढवलेल्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्ये दिला. पॅकिंग-लेबलिंगच्या बायकांनी लग्न झालं की नोकरी सोडायची, असा तिथं नियम होता. लग्न झालेल्या बाया गैरहजर फार राहतात, असं कंपनीचं म्हणणं. ते न्यायालयानं फेटाळलं आणि नियम काढायला लावला. म्हणजे पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांनी जे १९६५ मध्ये मिळवलं, ते लष्कराच्या नर्सेसपर्यंत पोचायला आणखी तीस वर्षं लागली.

आता दुसरी कहाणी, जरा लांबची. नर्सिंग आणि डॉक्टरी सोडून इतर शाखांत सैन्यानं बायकांना घेतलं १९९२ पासून, तेही आधी पाचच वर्षांसाठी. मग मुदत वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत गेली. पुरुषालाही असं अल्पमुदतीचं कमिशन मिळतं, पण पुढं त्याला कायम कमिशन मागता येत होतं. बाईला नाही. आपल्या भाषेत, त्यांना 'परमनंट'चा रस्ता होता, हिला कायम 'टेंपररी'. चौदा वर्षं झाली की घरी. पेन्शनला वीस वर्षं लागतात, म्हणजे पेन्शनही नाही.

२००३ मध्ये बबिता पुनिया या वकील बाईंनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. पुढं स्वतः अधिकारी असलेल्या बायका त्यात आल्या. १२ मार्च २०१० रोजी निकाल लागला. कायम कमिशनसाठी बायकांचाही विचार करा आणि खटला चालू असताना ज्या याचिकाकर्त्या निवृत्त झाल्या त्यांना परत घ्या, बढतीसह सगळे लाभ द्या. हवाई दलानं निकाल मानला. लष्कर अपिलात गेलं आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी तिथंही हरलं. बायकांच्या शरीराबद्दल, घर-संसाराबद्दल, जवान बाईचा हुकूम मानतील का याबद्दल जे जे सांगितलं गेलं, ते न्यायालयानं बाजूला सारलं. दहा वर्षं अपिलात गेली. या दहा वर्षांत जिना चालूच होता, हे मात्र विसरू नका.

आता 'परमनंट' मिळालं, संपलं का? इथंच मला जास्त बोलायचं आहे.

सैन्यात लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती ठरावीक वर्षं भरली, आवश्यक परीक्षा-अटी पूर्ण झाल्या, की मिळते. कर्नलपासून पुढं निवड असते. मंडळ बसतं, बॅचवार फायली बघतं. फायलीत असतात गोपनीय अहवाल, कोर्सेस, तुम्ही तुकडीची कमान सांभाळली की नाही. आता जिला बढतीच मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिचा अहवाल वरिष्ठ किती मन लावून लिहील? चांगले शेरे ज्यांना पुढं जायचं त्या पुरुषांना, हिला आपलं बरं म्हणून लिहून टाकलं. कोर्सला पाठवायचं तर ज्याचा उपयोग होणार त्याला पाठवा. कमान तर बाईला नव्हतीच. २०२० नंतर कायम कमिशनसाठी मंडळ बसलं तेव्हा याच फायली पुढं ठेवल्या, आणि पुरुषांशी तुलना केली. त्यातही सेवेच्या पाचव्या-दहाव्या वर्षापर्यंतचे अहवाल बघितले, नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तिनं काय कमावलं ते सोडून दिलं. शरीराच्या तंदुरुस्तीचं 'शेप-१' हे माप लावलं ते मात्र आजच्या वयात. पुरुषाची ही तपासणी कायम कमिशन मिळताना, पंचविशी-तिशीत होते. हिची चाळिशी-पन्नाशीत. अहवाल तरुणपणचे आणि गुडघे आजचे!

लेफ्टनंट कर्नल नितीशा आणि इतर जणी न्यायालयात गेल्या. २५ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयानं याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. नियम वरून सगळ्यांना सारखा दिसतो, पण ज्या जमिनीवर तो लावायचा ती आधीच उतरती केलेली असते. मैत्रिणींनो, माझ्या मते हा निकाल आपल्या सगळ्या कामगार गटांनी एकदा एकत्र बसून वाचावा. 'नियम सगळ्यांना सारखाच आहे बाई' हे वाक्य आपण प्रत्येक एच.आर.च्या टेबलावर ऐकतो. त्याला उत्तर या निकालात आहे.

मग कर्नलची पाळी आली. ज्यांना कायम कमिशन उशिरा मिळालं, त्यांच्या बॅचचे आणि त्यांच्या मागून आलेले पुरुष तोवर कर्नल होऊन बसले होते. २०२२ च्या अखेरीस बायकांनी ही तक्रार पुन्हा सर्वोच्च न्यायालयात नेली. जानेवारी २०२३ मध्ये खास मंडळ बसलं. १९९२ ते २००६ या बॅचच्या २४४ जणींसाठी १०८ पदं. निवड झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले, आपणही टाळ्या वाजवल्या. आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांनी फायली तपासल्या, तर काय? लष्कराचं स्वतःचंच धोरण होतं की नऊ वर्षांच्या सेवेनंतरचे सगळे अहवाल बघायचे. बायकांसाठी मात्र अहवालांची अखेरची तारीख मनमानी ठरवलेली, त्यामुळं अलीकडची कामगिरी पुन्हा बाहेर. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयानं हे रद्द केलं आणि पंधरवड्यात मंडळ पुन्हा बसवा असं सांगितलं.

यातून मला दिसतं ते असं. तारीख दुरुस्त करून मिळाली तरी त्या तारखेमागची वर्षं रिकामी असतील, तर पुढच्या निवडीत ती रिकामी वर्षंच तिच्याविरुद्ध साक्ष देतात. म्हणून नुसतं 'अमुक तारखेपासून ज्येष्ठता द्या' एवढं मागून भागत नाही. ज्या वर्षांत तुम्हीच तिला काम दिलं नाही, ट्रेनिंग दिलं नाही, त्या वर्षांतल्या कामाचा दाखला तिच्याकडं मागू नका, हेही मागावं लागतं. आणि ते लेखी हवं.

दुसरी एक अडचण आहे, ती आपण आपसांत कबूल केली पाहिजे. माझी तारीख वर गेली की कुणाची तरी खाली जाते. ती 'कुणीतरी' पुष्कळदा बाईच असते. आपल्या एका गटात यावरून दोन मैत्रिणी महिनाभर बोलत नव्हत्या. दोघींचंही चूक नव्हतं. अशा वेळी आपसांत भांडण्यापेक्षा मालकाकडं जागा वाढवून मागायची. कर्नलच्या वेळी बायकांसाठी पदं वेगळी धरली, ती याच कारणानं. सरकारी भाषेत अशा जादा पदाला 'अधिसंख्य पद' म्हणतात. ज्यानं चूक केली त्यानं खर्च सोसावा. रांगेतल्या दुसऱ्या बाईनं का सोसावा?

हवाई दलातल्या ३२ माजी अधिकारी बायकांची हकीकत त्या मानानं थोडक्यात सांगते. त्यांना कायम कमिशनसाठी विचारात न घेता सोडलं गेलं होतं. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, इतक्या वर्षांनी परत घेणं जमणार नाही, पण त्यांनी वीस वर्षं पूर्ण केली असं मानून पेन्शनसाठी विचार करा. मानीव सेवा. परतीचं दार बंद, तरी वर्षं मोजली.

आणि एक निकाल असा आहे की ज्यात सगळं मिळालं. लेफ्टनंट कर्नल सुप्रिता चंदेल, आर्मी डेंटल कोअर, २००८ मध्ये अल्पमुदतीचं कमिशन. कायम होण्यासाठी परीक्षेच्या तीन संधी होत्या. २०१३ मध्ये नियम बदलला आणि वयाच्या अटीमुळं तिसरी संधी गेली. ज्यांचं असं झालं त्यांतले काही न्यायाधिकरणात गेले, त्यांना २२ जानेवारी २०१४ रोजी वयाची एकदाची सूट मिळाली. चंदेल त्या अर्जात नव्हत्या. तर त्यांना सांगितलं गेलं, तुम्ही त्यात नव्हता, तुम्हाला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विचारलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. सियाचीनवर पहारा करणाऱ्या जवानाला आपण असं सांगणार का, की तुझ्यासारख्याच दुसऱ्याला न्याय मिळाला, पण तू कोर्टात आला नव्हतास म्हणून तुला नाही? आदेश झाला की त्यांच्यासारख्या इतरांना ज्या तारखेपासून कायम कमिशन मिळालं त्याच तारखेपासून त्यांना द्या. ज्येष्ठता, बढती, थकबाकी सगळं त्याबरोबर. सैन्यातली ज्येष्ठता दुरुस्त करून घ्यायची असेल कुणाला, तर मागणी कशी लिहावी याचा हा नमुना आहे. तारीख नेमकी, तुलनेला माणूस नेमका, आणि 'सर्व परिणामी लाभ' हे शब्द.

खडकवासल्याला ३० मे २०२५ रोजी एन.डी.ए.तून पहिल्या सतरा मुली मुलांबरोबर बाहेर पडल्या. त्यांची रांग पहिल्या दिवसापासून मुलांच्या रांगेतच लागली आहे. त्यांच्यासाठी आज कुणाला मानीव दिनांक मागायला नको. पहिलं बाळंतपण येईपर्यंत तरी, असं माझ्यातली शंकेखोर बाई म्हणते.

आता आपल्या इथल्या कागदाकडं येते. आपल्यातल्या काही जणींना परत कामावर घेण्याचं पत्र मिळालं आहे. कंपनीचं नाव मी इथं घेत नाही, बोलणी चालू आहेत. पत्र चांगल्या कागदावर आहे, भाषा गोड आहे. पण त्यात दोन शब्द आहेत, 'नवीन नेमणूक'. तुम्ही सात-सात महिन्यांचे ब्रेक घेत नऊ वर्षं त्या लाइनवर काढलीत. काहींना बाळंतपणाच्या वेळी ब्रेक दिला आणि नंतर बोलावलंच नाही. सही केली की ती नऊ वर्षं पुसली. पुढं कपात आली तर 'शेवटी आला तो आधी बाहेर' हे तत्त्व लागतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तत्त्व कामगाराच्या बाजूचं आहे, पण शेवटी आलेली कोण, हे तारखेवर ठरतं. म्हणजे जिचे केस त्या लाइनवर पिकले, तीच कागदावर सगळ्यांत नवी, तीच आधी बाहेर. ग्रॅच्युइटी, रजा, ग्रेड, सगळं त्याच तारखेला टांगलेलं आहे.

घरात चूल पेटत नसताना कुणाला 'सही करू नको' असं मी सांगणार नाही. ते सांगायचा मला अधिकार नाही. पण सही करताना खाली एक ओळ आपल्या हातानं लिहा, की 'पूर्वीच्या सेवेचे सातत्य व ज्येष्ठता यांवरील माझा हक्क राखून ठेवून हे पत्र स्वीकारत आहे.' तारीख घाला. एक प्रत स्वतःकडं ठेवा. त्यांनी घेतलं नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. आणि एकटीनं नको, सगळ्यांनी तेच वाक्य लिहा.

ज्यांच्या घरी फौजीची केस आहे, परत सेवेत घेतल्यावर हुद्द्याची तारीख चुकीची लागली आहे, त्यांच्यासाठी थोडं. जवानाला लष्कर कायद्याच्या कलम २६ खाली आणि अधिकाऱ्याला कलम २७ खाली तक्रार करता येते. आधी ती करा, पोचपावती ठेवा. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जावं लागतं, आणि तक्रारीला सहा महिने उत्तरच आलं नाही तरी जाता येतं. महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईला आहे. ज्यांच्या वर तुमचं नाव जाणार, त्यांना त्यात पक्षकार करावं लागतं. नाहीतर तेवढ्यावरच अर्ज अडकतो. आणि उशीर करू नका. ज्येष्ठतेची बसलेली घडी बऱ्याच वर्षांनी मोडायला न्यायालयं नाखूश असतात. पुढचं बढती मंडळ बसायच्या आधी अर्ज गेला पाहिजे. बाईला अर्ज करायचा असेल तर १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधिसेवा प्राधिकरणात चौकशी करा.

जेवणानंतर मी आणि आपल्या वकील मैत्रीण इथंच बसणार आहोत. ज्यांच्याकडं जुने गेटपास, पगाराच्या पावत्या, पी.एफ.चे उतारे, बाळंतपणाच्या वेळचे दवाखान्याचे कागद आहेत, त्यांनी ते सालवार लावून आणा. गेटपासावरची पहिली तारीख फार महत्त्वाची, तो आधी शोधा. सापडला नाही तर त्या वर्षी तुमच्या शेजारच्या टेबलावर कोण होतं, ते नाव तरी आठवून या.